अडुसष्ट नंबरचा डावा कोपरा

मागच्या अंकात नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं होतं, की पाठीचं ऑपरेशन झाल्यावर माणूस पहिल्यासारखा होतो का. उत्तर देताना मी एक वाक्य लिहून गेले : "पिट्सबर्गच्या एल. सी. ग्रीनवूडची पाठ मी कधी तपासली नाही, पण त्याच्यासारख्या पाठी तीस वर्षं तपासल्या." एवढ्या एका वाक्यावर एकवीस पत्रं आली. निम्मी अमेरिकेतल्या मराठी घरांतून, त्याला खेळताना पाहिलेल्या लोकांची. बाकीची इकडची, "हा कोण?" असं विचारणारी. म्हणून या महिन्यात कमरेचे व्यायाम बाजूला ठेवते. ग्रीनवूड 29 सप्टेंबर 2013 ला गेला, 67 वर्षांचा होता. त्याच्याबद्दल कधी मराठीत बोलायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, तुम्ही त्याला फुटबॉलपटू म्हणता आणि त्याच्या हातांचं कौतुक करता. फुटबॉलमध्ये हात? आणि "डिफेन्सिव्ह लाइनमन" म्हणजे नेमकं करतो काय? (एक वाचक, ठाणे)

तुमचा गोंधळ बरोबर आहे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. एक संघ चेंडू घेऊन पुढे सरकायला बघतो, दुसरा त्याला अडवतो. अडवणाऱ्यांच्या अगदी पुढच्या रांगेत, रेषेला नाक लावून जे उभे असतात ते डिफेन्सिव्ह लाइनमन.

तुम्ही ठाण्याचे, म्हणजे कबड्डी पाहिलेली असणार. चढाईवीर आत शिरला की कोपऱ्यातला माणूस काय करतो ते आठवा. तो घाई करत नाही, अंग चोरून उभा राहतो आणि एका क्षणी घोट्यावर झडप घालतो. ग्रीनवूड हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा डावा कोपरा होता. फरक एवढाच, की त्याच्या आणि सावजाच्या मध्ये त्याच्याहून वजनदार असा एक माणूस मुद्दाम उभा केलेला असायचा, आणि त्या माणसाला ढकलून, चुकवून किंवा वळसा घालून मागच्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं असायचं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. फेकायच्या आत त्याला पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. पोचायला मिळतात जेमतेम तीन सेकंद.

आणि पोचता आलं नाही, तर? तिथे ग्रीनवूडचे हात येतात. साडेसहा फूट उंची, त्यावर ते लांबलचक हात. पोचणार नाही असं दिसलं की तो थांबायचा आणि हात वर करायचा. 12 जानेवारी 1975 ला न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन स्टेडियममध्ये नववा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, झाला, पिट्सबर्ग विरुद्ध मिनेसोटा व्हायकिंग्ज. फ्रॅन टार्केंटन हा व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक चपळ, पण उंचीला बेताचा. त्याचे तीन पास ग्रीनवूडने हातानेच खाली पाडले.

ती मॅच मी पाहिली. त्याआधी तीन-चार महिने मी पिट्सबर्गला आले होते. परळच्या केईएममध्ये फिजिओथेरपी शिकलेली, लग्न होऊन दीड वर्ष झालेली, आणि होमस्टेडच्या भट्ट्यांच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या एका भाड्याच्या घरात थंडीने गारठलेली मी. यजमान पोलादाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. शेजारी एक स्लोव्हाक आजी राहायच्या. त्यांचे मालक भट्टीवर काम करून निवृत्त झालेले. त्या रविवारी आजींनी आम्हाला बोलावलं, पुढ्यात पिरोगी ठेवल्या (आपल्या करंजीची उकडलेली बहीण, आत बटाटा), आणि मला खेळातलं ओ की ठो कळत नाहीसं पाहून म्हणाल्या, "चेंडू सगळेच बघतात. तू टोकाचा माणूस बघ. अडुसष्ट." मी तेव्हापासून तोच बघत आले.

त्या दिवशी मिनेसोटाने 21 वेळा चेंडू घेऊन पळायचा प्रयत्न केला आणि सगळे मिळून 17 यार्ड पुढे गेले. माझ्या आईच्या चाळीतली गॅलरी त्याहून लांब होती. पिट्सबर्ग 16-6 ने जिंकलं. 1933 पासून चालत आलेल्या त्या संघाचं ते पहिलं विजेतेपद, आणि खाली गावातल्या गाड्यांचे भोंगे आमच्या टेकडीवर पहाटेपर्यंत ऐकू येत होते.

प्रश्न : सोनेरी बुटांबद्दल लिहाच! आम्ही चौघं 1975 ते 79 पिट्सबर्गला शिकत होतो. आमच्या खोलीतला टीव्ही कृष्णधवल. त्यात त्याचे बूट पांढरे दिसायचे, आणि इतरांहून वेगळे का दिसतात हे आम्हाला कळायचंच नाही. एका दिवाळीला एका कुलकर्ण्यांकडे रंगीत टीव्हीवर मॅच पाहिली आणि चौघंही एकदम ओरडलो. (एक वाचक, ह्यूस्टन)

तुमचं पत्र मी यजमानांना दोनदा वाचून दाखवलं.

बुटांची हकीकत अशी. त्याचा घोटा दुखावला होता, आधारासाठी त्याने उंच गळ्याचे बूट घातले, आणि ते सोनेरी रंगवले गेले. स्टीलर्सचे रंग काळा आणि सोनेरी, पण बूट सगळ्यांचे काळे. लीगचा नियम होता की संघातल्या सगळ्यांचे बूट एका रंगाचे हवेत, म्हणून त्याला दंड होऊ लागला. दंड बूट बनवणारी कंपनी भरायची आणि हा घालतच राहायचा. संघातले त्याला "हॉलीवूड बॅग्ज" म्हणायचे. हॉलीवूडला निघायला बॅगा कायम भरलेल्या, असा त्याचा थाट.

1976 च्या हंगामात मला एकदा थ्री रिव्हर्स स्टेडियमचं तिकीट मिळालं. आजींच्या मुलाला ऐनवेळी पाळी बदलून कामावर जावं लागलं, आणि त्याची जागा माझ्या वाट्याला आली. अगदी वरच्या रांगेत. तिथून चेहरे सोडा, नंबरही नीट वाचता येत नव्हते. मॉनन्गहेला आणि अलेगेनी या दोन नद्या एकत्र येऊन ओहायो सुरू होते त्या संगमाजवळ ते स्टेडियम होतं, आणि नदीवरचा वारा सरळ कानात शिरत होता. पण खाली हिरव्यावर दोन सोनेरी ठिपके चालत डाव्या टोकाला जायचे, थांबायचे, आणि मग एकदम उसळायचे. एवढंच दिसलं, आणि तेवढं पुरलं.

तो हंगाम जुन्या मंडळींना सांगायला नको. पहिल्या पाचांपैकी चार मॅच हरल्या, आणि नंतरच्या सलग नऊ जिंकल्या. त्या नऊ मॅचमध्ये मिळून प्रतिस्पर्ध्यांना 28 गुण, आणि पाच मॅचमध्ये तर शून्य. इतकं करूनही त्या वर्षी सुपर बोल गाठता आला नाही. पण माझ्या मते ग्रीनवूडच्या चारही विजेतेपदांपेक्षा तो हंगाम मोठा. यावर पत्रं आली तरी चालतील.

बुटांबद्दल एक मात्र मनात आहे ते सांगते. त्याचं नाव काढलं की लोक बूट आठवतात. बूट सुंदरच होते. पण त्याचं खरं काम वर चालायचं, खांद्यापासून बोटांपर्यंत.

प्रश्न : मी लाल मातीत पंधरा वर्षं घालवली, आता नातू तालमीत जातो. एवढा ताकदीचा गडी पाठीने कसा गेला? नातवाच्या कमरेतही वाकताना कळ येते, म्हणून विचारतो. (एक वाचक, कोल्हापूर)

वस्ताद, तुमच्या प्रश्नासाठीच हा अंक असा लिहायला घेतला.

लाइनमन कसा उभा राहतो ते आधी सांगते. एक हात जमिनीवर टेकलेला, कंबर वर, मान वर, सगळं वजन पुढे. चेंडू हलला की त्या वाकलेल्या अवस्थेतून अंग उलगडत समोरच्याला धडकायचं. समोरचा शंभर-सव्वाशे किलोचा, आणि तो तुम्हाला वरून खाली दाबतोय. म्हणजे तुमचा कणा मागे वाकतोय, आणि त्याच क्षणी त्यावर भार येतोय. हे एका मॅचमध्ये पन्नास-साठ वेळा, सरावात वेगळं. ग्रीनवूड 13 हंगाम खेळला, 170 मॅच.

कंबरेतल्या शेवटच्या दोन मणक्यांना, चौथ्या-पाचव्याला, हे सगळं सोसावं लागतं. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची एक बारीक कमान असते. मागे वाकणं आणि भार, मागे वाकणं आणि भार, असं वर्षानुवर्षं झालं की तिथे केसासारखी चीर पडते. लाइनमनमध्ये ती आढळते, पैलवानांत आढळते, क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजांतही आढळते. जोडीला मणक्यांमधल्या गाद्या झिजतात. ग्रीनवूडसारख्या उंच माणसाला आणखी एक त्रास, त्याची तरफच लांब. साडेसहा फूट उंची आणि वजन 111 किलोच्या आसपास, लाइनमनच्या मानाने सडपातळ. तो अंगावर भार घेण्यापेक्षा वेगावर आणि हातांवर खेळायचा, तरी पाठ सुटली नाही. निवृत्तीनंतर त्याच्या पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. शेवटचीही पाठीचीच होती. त्यानंतर तो रुग्णालयातून घरी गेला नाही, मूत्रपिंडं निकामी झाली.

आणि त्याच रांगेच्या उजव्या टोकाला खेळणारा ड्वाइट व्हाइट 2008 च्या जूनमध्ये गेला, वयाच्या 58 व्या वर्षी. तोही पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर. दोन्ही कोपरे पाठीनेच गेले. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले.

पत्रात तुम्ही "ताकदीचा" हा शब्द वापरलात. एक पेशंट सांगते, नाव सांगत नाही. मी बाह्यरुग्ण विभागात काम करायचे तेव्हा होमस्टेडच्या भट्ट्या विझत आल्या होत्या, 1986 ला त्या बंदच झाल्या. रोज दोन-चार तरी गिरणीवाले यायचे. आयुष्यभर फावडं चालवलेल्या, साखळदंड ओढलेल्या पाठी. हे गृहस्थ साठीचे. मी गरम शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळत होते, ते पालथे पडून बोलत होते, आणि विषय ग्रीनवूडवर गेला. तो कसा उभा राहायचा हे दाखवायला ते टेबलावरून उतरले. मी नको नको म्हणेपर्यंत एक हात फरशीवर, कंबर वर, मान वर! हुबेहूब. आणि तसेच राहिले. वर येईना. मी खाली बसले, त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला, दुसरा हात टेबलाच्या पायाला धरायला लावला, गुडघे आधी वाकवायला सांगितले, आणि इंचाइंचाने त्यांना उभं केलं. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. श्वास बसल्यावर म्हणाले, "एल. सी. हे रोज करत होता. आणि मीही रोज करत होतो, फक्त फावडं घेऊन." त्या गावाने पुढच्या रांगेतल्या चौघांना का आपलं मानलं, हे मला त्या फरशीवर कळलं.

आता नातू. वाकताना कळ येते म्हणता, मागे वाकल्यावरही येते का ते बघा. येत असेल तर ब्रिज मारणं आणि उचलून फेकणं आजपासून बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन दाखवाच. वाढत्या वयातली चीर वेळीच विश्रांती दिली तर बहुधा भरून येते, पण विश्रांती म्हणजे काही महिने, आठ दिवस नाही. तालमीत कुणी "माती लाव, बरं होईल" म्हणालं तर तुम्हीच त्यांना आवरा. तुमचं ऐकतील.

प्रश्न : बाकीचे तिघं कोण? (एक वाचक, नागपूर)

मधोमध जो ग्रीन, 75 नंबर, आणि त्याच्याशेजारी अर्नी होम्स. उजव्या टोकाला व्हाइट. चौघांना मिळून "स्टील कर्टन" म्हणायचे, पोलादी पडदा. डिसेंबर 1975 मध्ये "टाइम" साप्ताहिकाने चौघांना मुखपृष्ठावर घेतलं, अर्धा टन वजनाचं संकट म्हणून. होम्स जानेवारी 2008 ला टेक्सासात मोटार अपघातात गेला. व्हाइट त्याच वर्षी, ग्रीनवूड 2013 ला. मागे राहिला एकटा जो ग्रीन.

प्रश्न : ग्रीनवूडला इतक्या उशिरा का निवडलं गेलं होतं? दहाव्या फेरीत! (एक वाचक, प्लेनफिल्ड, न्यू जर्सी)

1969 ची निवड, म्हणजे महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना संघ पाळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांनी घेतात ती. जो ग्रीन पहिल्या फेरीत चौथा, आणि ग्रीनवूड दहाव्या फेरीत, 238 वा. तो मूळचा मिसिसिपीतल्या कँटन गावचा, आणि शिकला आर्कान्सा एएम अँड एन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात. अशा महाविद्यालयांकडे तेव्हा बरेच संघ ढुंकूनही बघत नसत. पिट्सबर्गकडे बिल नन होते. "पिट्सबर्ग कुरिअर" या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक. या महाविद्यालयांतला खेळाडू न खेळाडू त्यांना ठाऊक. ते स्टीलर्ससाठी खेळाडू हेरू लागले, आणि ग्रीनवूड, होम्स, मेल ब्लाउंट, जॉन स्टॉलवर्थ, डॉनी शेल हे सगळे अशाच महाविद्यालयांतून आले. नन यांना 2021 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात, घेतलं, ते गेल्यानंतर. फार उशीर झाला, पण घेतलं तरी.

प्रश्न : हॉल ऑफ फेममध्ये तो अजून का नाही? माझे वडील असेपर्यंत दरवर्षी यादी लागली की आधी त्याचं नाव शोधायचे. (एक वाचक, मनरोव्हिल, पेनसिल्व्हेनिया)

तुमच्या वडिलांसारखं मीही शोधते.

हॉल ऑफ फेम ओहायोत कँटनला आहे. योगायोग बघा, तो जन्मला तेही कँटन, फक्त मिसिसिपीतलं. ओहायोतल्या कँटनला पिट्सबर्गहून गाडीने दोन तासही लागत नाहीत. 2006 पर्यंत सहा वेळा तो अंतिम यादीपर्यंत पोचला आणि सहाही वेळा मतं कमी पडली.

कारण म्हणून नेहमी एक गोष्ट ऐकू येते. सत्तरच्या दशकातल्या स्टीलर्सचे दहा खेळाडू आधीच आत आहेत, आता आणखी किती घ्यायचे? हे मला पटत नाही. घरात दहा माणसं जेवून गेली म्हणून अकराव्याची भूक खोटी ठरते का?

दुसरं कारण आकड्यांचं, आणि ते जास्त लागतं. सॅक अधिकृतपणे मोजायला लीगने सुरुवात केली 1982 मध्ये. ग्रीनवूडचा शेवटचा हंगाम 1981. मोजणी सुरू झाली तेव्हा तो मैदानावर नव्हता. संघाने आपल्या नोंदींवरून त्याचे 73.5 सॅक धरलेत, पण अधिकृत रकान्यात काही नाही. हाताने पाडलेल्या पासांचा तर हिशोबच कुणी ठेवला नाही.

म्हणून मी आकडे सोडते आणि समोर कोण होतं ते बघते. डाव्या टोकाच्या माणसासमोर प्रतिस्पर्ध्यांचा उजवा टॅकल येतो, क्वार्टरबॅकची राखण करणारा त्या बाजूचा माणूस. नवव्या सुपर बोलमध्ये मिनेसोटाचा उजवा टॅकल होता रॉन यारी. त्याला 2001 मध्ये आत घेतलं. दहाव्या सुपर बोलमध्ये, मायामीला, डॅलस काउबॉईजचा उजवा टॅकल होता रेफील्ड राइट. त्या दिवशी पिट्सबर्गने डॅलसचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक याला सात वेळा पाडलं आणि मॅच 21-17 ने जिंकली. त्या सातांतले बरेचसे एकट्या ग्रीनवूडचे होते. राइटला आत घेतलं 2006 मध्ये. त्याच वर्षी अंतिम यादीत ग्रीनवूडचंही नाव होतं. राइट आत गेला, ग्रीनवूड बाहेर राहिला. यारी आणि राइट दोघंही मोठे खेळाडू, त्यांच्या जागेबद्दल माझी तक्रार नाही. पण सर्वांत मोठ्या दिवशी ज्याने त्या दोघांनाही ओलांडलं, त्याची जागा कुठे आहे?

आणि याच हॉलच्या मतदारांनी सत्तरच्या दशकाचा सर्वोत्तम संघ निवडला त्यात तो आहे! सुपर बोलच्या पंचवीस वर्षांचा संघ निवडला त्यातही तो आहे. मग हेच दार का बंद, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. वडिलांची यादी तुम्ही पुढे चालू ठेवा.

प्रश्न : तो गेला त्या दिवशी बाबा रडले. एवढे कधी रडलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी त्याला आयुष्यात एकदाही जवळून पाहिलं नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला ते समजलं नाही. तुम्हाला समजतं का? (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

बाळ, तुझे बाबा पिट्सबर्गला कधी आले ते तू लिहिलं आहेस, 1977. म्हणजे पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ नुकतंच झालं होतं. रविवारी आम्ही दर्शनाला जायचो तेव्हा पार्किंगमध्ये तीन-चार गाड्यांची दारं उघडी असायची, आत रेडिओ, रेडिओवर स्टीलर्सच्या मॅचचा समालोचक मायरन कोप याचा तो चिरका आवाज, आणि भोवती प्रसादाची द्रोणं हातात घेतलेली आपली पोरं. पंचविशीतली, घरापासून आठ हजार मैलांवर. फोन इतका महाग की आईशी महिन्यातून तीन मिनिटं बोलायचं. कामावर कुणी त्यांचं नाव धड घेत नसे. सोमवारी सकाळी मात्र लिफ्टमध्ये शेजारचा माणूस म्हणायचा, "काल एल. सी.ला पाहिलंस?" आणि आपल्या पोराला उत्तर येत असायचं. त्या गावात त्याला मिळालेलं पहिलं बोलणं ते. तुझे बाबा त्यातलेच एक असतील, असं मला वाटतं. मीही त्यांतलीच.

तो दिवसही मी सांगते. रविवार होता. स्टीलर्स त्या दिवशी लंडनला वेम्बलीवर खेळत होते, आणि समोर कोण, तर मिनेसोटा व्हायकिंग्ज. अडतीस वर्षांपूर्वी ज्यांचे तीन पास त्याने पाडले तेच जांभळे शर्ट. आम्ही हरलो, 34-27. मॅच चालू होती की संपली होती आठवत नाही, मुलाचा फोन आला, "आई, एल. सी. गेला." मी टीव्हीचा आवाज बंद केला. स्लोव्हाक आजी जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मला पहिल्यांदा वाटलं ते त्यांना सांगायला हवं असं.

बाबांना विचारून बघ, ते रेडिओवर ऐकायचे की टीव्हीवर बघायचे. आणि त्यांचं उत्तर मला कळव.

प्रश्न : तुमच्यामुळे नववा सुपर बोल यूट्यूबवर शोधला. पण सगळं एकदम होतं, काहीच कळत नाही. कुठे बघू? (एक वाचक, सातारा)

मैदान ओलं आहे, आदल्या रात्रीच्या पावसाने, त्यामुळे सगळे घसरताना दिसतील. मध्यंतरापर्यंत गुण फक्त 2-0 आहेत, कंटाळू नका. पिट्सबर्गचे शर्ट पांढरे, मिनेसोटाचे जांभळे. चेंडू मिनेसोटाकडे असेल तेव्हाच बघा. पिट्सबर्गच्या पुढच्या रांगेत त्यांच्या डाव्या हाताच्या टोकाला सगळ्यांत उंच माणूस दिसेल, पाठीवर 68.

चेंडू हलला की लगेच त्याच्याकडे बघा. पहिल्यांदा तो गर्दीत हरवेल. दुसऱ्यांदाही हरवेल. तिसऱ्या-चौथ्यांदा तुम्हाला त्या गर्दीतून एक हात वर येताना दिसेल, उघडा पंजा, बोटं पसरलेली. तिथे थांबवा. चेंडू नंतर कुठे गेला ते बघू नका.